आम्ही ओढा का सोडला

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून कुणी ऐकलेली नाही. बायकोने नाही, खात्यातल्या कुणी नाही. देवापुढे उभा राहतो तेव्हाही मी दुसऱ्याच, लहानसहान चुका पुढे सरकवतो. तुम्हाला सांगतो आहे — का, ते नीट सांगता येणार नाही. तुम्ही त्या दिवशी डोंगरावर नव्हता, म्हणून असेल.

आधी ओळख. वणवे लागू नयेत म्हणून काय करावं आणि लागलेच तर कसे आवरावेत, याबद्दल सरकारला सल्ला देणं हे माझं काम. मेढ्याच्या डोंगरांपासून शिराळ्याच्या खोऱ्यापर्यंत जाळरेषा कुठून काढायची ते मी ठरवतो. जाळरेषा म्हणजे गवत आधीच जाळून, झाडून उघडा ठेवलेला पट्टा. आग तिथवर येते आणि खायला काही न मिळाल्याने मरते. मी याद्यांचा माणूस आहे. कोणत्या गावात दाताळी किती, कोयते कुणाकडे, पाण्याचे हंडे कुठे, हे होळीच्या आत माझ्याकडे लिहून तयार असतं. सासूबाईंना सांगली स्टेशनवरून आणायला गेलो तेव्हा त्यांच्या बोचक्यांचीही मी यादी केली होती. त्या अजून बोलून दाखवतात.

हे काम मी उत्तम केलं. नम्रपणा आज बाजूला ठेवतो; कबुली द्यायची तर सगळ्याच गोष्टींची द्यावी. आमच्याकडे उन्हाळ्यात डोंगर जळणं ही ठरलेली गोष्ट होती. जाळलं की पुढच्या वर्षी गवत जोमानं येतं असं लोक मानत. कुणी नवस म्हणूनही डोंगर पेटवी. आज त्याच गावांतली माणसं माघ सरला की दाताळी घेऊन आपणहून वर चढतात, आपली रेषा शेजारच्या गावापेक्षा स्वच्छ आहे की नाही यावरून एकमेकांना डिवचतात. गेल्या उन्हाळ्यात मी मेढ्याकडचे डोंगर फिरलो. सगळीकडे पिवळं गवत, आणि मधून माझ्या रेषा — एखाद्या डोक्यावर नीट पाडलेल्या भांगासारख्या. किती अभिमान वाटला म्हणून सांगू?

मग कबुली कशाची? थांबा. तिथे यायला मला वेळ लागतो.

लढाईचे दिवस होते. शिराळ्याच्या पश्चिमेला एक गाव — नाव लिहीत नाही. तिथले तरणे सगळे फौजेत. गावात उरले होते म्हातारे, बायका, आणि पायात गोळी लागून घरी आलेला बंडू हवालदार. त्या काळात त्या भागात सरकारी टोपीला कुणी पाणीही विचारत नव्हतं. मी गावात शिरलो की ओट्यावरची माणसं उठून घरात जात. मी मात्र तिथे आपला जीव ओतला होता. गावाच्या वर मी सागाचं रोपवन लावलं होतं. जागा मी निवडली होती, खड्डे माझ्यासमोर खणले होते. रोपं माणसाच्या खांद्याला आली होती. थोड्याच दिवसांत वरचे साहेब ते पाहायला येणार होते, आणि सल्लागाराची नवी जागा कुणाला द्यायची ते त्या पाहणीवर ठरणार होतं.

आता तो डोंगर डोळ्यांपुढे आणा. पश्चिमेला खिंड. खिंडीच्या अलीकडे एक ओढा, उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत. ओढ्याच्या अलीकडे गावाचं कुरण — सगळ्या गावाच्या जनावरांची नागपंचमीपर्यंतची वैरण, काही उभी, काही कापून गंज्या रचलेली. कुरणाच्या अलीकडे माझी जाळरेषा. रेषेच्या अलीकडे रोपवन, आणि त्याच्या पायथ्याशी गाव.

एका दुपारी खिंडीतून धूर आला.

त्या दिवशी त्या गावाने जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. मी हाक घालायच्या आधीच बायका कासोटे घालून वर येत होत्या. ज्यांनी मला कधी पाणी विचारलं नव्हतं, त्या माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, काय करायचं ते सांगा. बंडू हवालदाराने पलटण लावावी तशी माणसं ओढ्याच्या काठाने उभी केली. पाचोळा ओढला, गवत कापलं, आग झोडपायला जांभळीचे ओले डहाळे ज्याच्या त्याच्या हातात दिले. ओढा घरच्या अंगणासारखा झाला. बेत साधा होता. आग जवळ आली की ओढ्याच्या पलीकडच्या काठाला आपणच आग लावायची. ती मोठ्या आगीच्या अंगावर जाईल, मधलं सगळं खाऊन टाकेल, आणि दोघी तिथेच संपतील. कुरणही वाचेल, रोपवनही.

आणि मग मी ओढा सोडायला सांगितला.

"हवालदार, वारा उठतोय," मी म्हणालो. "ओढ्यावर आग थांबणार नाही. सगळ्यांना मागे रेषेवर घ्या. तिथून आग लावू."

हवालदार माझ्याकडे बघत राहिला. "सायब, माणसं हायती की. वढा धरू आपून."

"धरता येणार नाही. वाऱ्यापुढे माणसं भाजतील."

"आवं, मंग गवात आमचं जळंल न्हवं?" हे गजराकाकू म्हणाल्या. त्यांचा मुलगा फौजेत होता आणि दावणीला गाय, वासरू, दोन बैल. त्यांची गंजी सगळ्यात मोठी, अगदी ओढ्याला लागून.

हवालदाराने एकदा खिंडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काकू, गवात पुन्यांदा येतंय. मानूस येत न्हाई. सायबांना वाऱ्यातलं कळतंय. चला रं, मागं चला समदी."

ती सगळी मागे आली. तक्रार न करता. रेषेच्या काठाने उभी राहिली, आणि मी पलिता पेटवला तेव्हा गजराकाकूंनी तो माझ्या हातातून घेतला. "आमचं हाय, तर आमीच लावतो," म्हणाल्या, आणि त्यांनी आपल्या हाताने कुरणाला आग लावली.

ते दृश्य कसं होतं सांगू? दोन आगी एकमेकींकडे चालत गेल्या. गंज्या एकेक करून उठल्या आणि बसल्या. मध्यावर दोघी भेटल्या तेव्हा गडगडाट व्हावा तसा आवाज झाला, आभाळ तांबडं झालं — आणि मग काहीच नाही. काळा डोंगर, आणि त्याच्या काठावर माझा हिरवा साग. एका पानाला धग लागलेली नव्हती. एका माणसाला फोड आलेला नव्हता.

माणसं नाचली हो. कुणीतरी खालून हलगी आणली. काळ्या तोंडाच्या बायका एकमेकींची तोंडं बघून हसत सुटल्या. म्हाताऱ्यांनी मला खांद्यावर घेतलं, आणि त्यांतला एक खालून कण्हत म्हणाला, "लय जड हाय गड्या सायब. आमी रेशनच्या रांगेत, आन् धान्य समदं हितं साठलंय." मी हसलो. मी इतका हसलो की डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी त्या गावात मला पाणी मिळालं, दूध मिळालं, हवालदाराने स्वतःचा फेटा माझ्या डोक्याला बांधला. मी जिंकलो होतो. आम्ही जिंकलो होतो. आजही हे लिहिताना छाती भरून येते — ते मी लपवू कशाला?

आता राखेचं सांगतो.

वारा बघण्याची माझी एक रीत होती. खिशात चंचीत चिमूटभर राख ठेवायचो. हात छातीशी धरायचा, चिमूट सोडायची, ती कुठे जाते ते बघायचं. धूर फसवतो, पानं फसवतात; राख सहसा फसवत नाही. गावातल्या माणसांना ही रीत माहीत झाली होती, मुलं तिची नक्कल करायची. त्या दिवशी ओढ्याच्या काठी सगळे माझ्याकडे बघत असताना मी चंची काढली. आणि त्यांच्याकडे पाठ केली.

राख सरळ खाली पडली.

वारा नव्हता. सकाळपासून होता, तो त्या वेळी पडला होता. आग खिंडीतून रांगत येत होती. ओढा स्वच्छ होता, माणसं पुरेशी होती, आणि मी तोवर ज्या जागा धरल्या होत्या त्यांतल्या बऱ्याच याहून वाईट होत्या. ओढा धरता आला असता. हे मला तेव्हाच कळलं, नंतर नाही.

पण धरता आला असता आणि धरलाच — यात एक फट असते ना? एखादी ठिणगी, एखादी झुळूक. आग ओढा ओलांडून कुरणात शिरली असती, तर तिच्या वेगापुढे रेषेपर्यंत पोचून तिथून आग लावायला वेळ मिळाला नसता. माझा साग गेला असता. रेषेवरून लावली तर साग शंभर टक्के माझा. गवत त्यांचं. मी त्यांच्या गवताने माझ्या सागाची ती फट बुजवली. आणि 'माझं झाड वाचवायला तुमचं गवत जाळतो' असं तोंडावर म्हणण्याची छाती नव्हती, म्हणून वारा उठवला.

याची कारणं मी पुष्कळदा मांडली. सवयच आहे. लढाईला लाकूड हवं होतं. बायकांचा जीव मोलाचा. सरकारी मालमत्ता. एकेक कारण लिहायचो आणि खोडायचो, कारण त्या दिवशी चिमूट सोडताना यातलं एकही माझ्या मनात नव्हतं. मनात ती खुर्ची होती.

खुर्ची मिळाली. साहेबांनी हिरवा साग पाहिला, भोवतीचा काळा डोंगर पाहिला आणि म्हणाले, असा माणूस हवा.

त्या उन्हाळ्यात गावाला वैरण उरली नाही. लोकांनी जनावरं पायी कृष्णाकाठच्या पाहुण्यांकडे नेली, उसाच्या वाढ्यांवर, शेंड्याच्या पाल्यावर, जगवायला. गजराकाकूंचे बैल हवालदाराने आपल्या लंगड्या पायाने नेले. त्यांतला एक वाटेत बसला तो उठला नाही. पावसाळ्यात मी गावात गेलो तेव्हा काकूंनीच मला ते सांगितलं — चहा देताना, सहज. "येक बैल ग्येला. पर तुमी नसता तर गाव ग्येलं असतं, सायब." मी कप खाली ठेवला. पुन्हा उचलला. चहा संपवला.

तिथे बोलता आलं असतं. आणि त्यानंतरही कितीदा. मी त्या गावात वर्षातून दोनदा जातो. त्यांनी ती जाळरेषा अजून राखली आहे. तिला 'सायबाची रेघ' म्हणतात. दुसऱ्या गावांनी माझं ऐकलं ते या गावामुळे. बंडू हवालदार माझ्याबरोबर खेडोपाडी हिंडला आणि प्रत्येक चावडीवर सांगत सुटला, की वारा उठायच्या आधी सायबांना कळला, म्हणून आम्ही जिवंत आहोत. माझ्या सगळ्या रेषा, ते नीट पाडलेले भांग, त्या एका वाक्यावर उभे आहेत. डोंगर खरंच जळायचे थांबले. जनावरं, घरं, माणसं खरोखर वाचली. हे यश खोटं नाही, आणि त्याच्या तळाशी मी सांगितलेला वारा आहे.

स्वातंत्र्य आलं, सरकार बदललं, माझी जागा राहिली. परवा साताऱ्याला माझा सत्कार झाला. हवालदार मुद्दाम आला होता. आता केस पांढरे झालेत, पाय जास्त ओढतो. त्याला बोलायला उभं केलं. तो सगळं बोलला, राखेचंसुद्धा: "सायबांनी चिमूट सोडली. आमाला काय दिसलं न्हाई, त्यांची पाठ हुती. पर त्येंच्या बोलन्यावर आमी वढा सोडला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या गळ्यात हार होता, आणि मला आनंद होत होता — हेही लिहून ठेवतो, खराखुरा आनंद होत होता. टाळ्या थांबल्यावर मी हवालदाराला मिठी मारली. त्याच्या कानाशी माझं तोंड होतं. एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हणालो, "प्रवास नीट झाला ना?"

त्या दिवशी ओढ्याच्या काठी पाठ केली होती, म्हणून कुणालाच दिसलं नाही. राख माझ्या डाव्या बुटावर पडली होती, टोकावर, सगळीच्या सगळी. मी बूट गजराकाकूंच्या गंजीला पुसला आणि माणसांकडे वळलो.