कुरडयांशेजारी वाळत घातलेली रेकॉर्ड

मी एकदा दिराची रेकॉर्ड कुरडयांबरोबर गच्चीवर उन्हात वाळत घातली. हसायचं तेवढं आत्ताच हसून घ्या.

लग्नाला वर्ष झालं होतं. चिंचवडला आमच्या दोन खोल्या आणि धाकटे दीर आमच्याजवळच. ते कंपनीत फिटर. त्यांनी आणि कंपनीतल्याच तिघा मित्रांनी मिळून इंग्रजी वळणाची गाणी बसवली होती आणि मुंबईला जाऊन एक रेकॉर्ड काढली होती. मोजक्या प्रती निघाल्या, त्या वाटण्यात गेल्या. पुढे एक मित्र आखाताला गेला, दोघं संसाराला लागले, वाजवणं थांबलं. दिरांकडे उरली ही एवढी एकच प्रत, तीही पावसाळाभर ट्रंकेत पडून.

उन्हाळ्यात कुठूनसा प्लेअर आणून त्यांनी ती लावली. गिटारचा आवाज असा फाटका की कुणी पत्रा कापतंय वाटावं. मध्येच ढोल थांबे आणि सूर उलटे चालू लागत. आज नातवाच्या कानातल्या इअरफोनमधून तसलंच काहीतरी गळतं आणि तो त्याला भारी म्हणतो. तेव्हा मी आपली पदराआड हसायचे. पाच-सहा वेळा ऐकून माझं निदान पक्कं झालं, रेकॉर्ड सर्दावलीय. काडेपेटी पेटेना, डाळीला वास आला, रेडिओ खरखरला, की आमच्याकडे एकच औषध, ऊन. शहाणी एवढी की धूळ बसू नये म्हणून वर मलमलचं फडकंही टाकलं!

दुपारी कुरडया उलटायला गेले तर रेकॉर्डच्या कडा पापडासारख्या वर आलेल्या. पाटाखाली दाबली, वर वरवंटा ठेवला. लाट काही मोडेना.

पहिली शिफ्ट करून दीर आले. मी रेकॉर्ड पुढे केली. त्यांनी प्लेअरवर ठेवली, सुई दोनदा उडाली आणि बाजूला घसरली.

"वहिनी, ही रेकॉर्ड आहे की सांडगा?"

"भावजी, खरखर जावी म्हणून..." मी रडकुंडीला आले.

"ती खरखर नव्हती हो. तो मी वाजवत होतो."

मग बराच वेळ ते रेकॉर्डची कड बोटानं चाचपत बसले. मी चहा पुढे ठेवला, तेव्हा म्हणाले, "जाऊ द्या वहिनी. कंपनीत ज्यानं ऐकली तो 'बंद कर' म्हणाला. बरी व्हावी म्हणून धडपडलात त्या तुम्ही एकट्याच."