गार्डकाकांची लाल झेंडी

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं आणि अक्षर ओळ सोडून वर-खाली पळतं, ते माफ करावं. लिहिण्याची सवय नाही. पण गार्डकाकांबद्दल लिहावंसं वाटतं.

काका कुठूनही निघताना सगळ्यांत शेवटी निघत. लग्न असो, बारसं असो, सगळे बाहेर पडले की हे मागे वळून बघणार, पंखा बंद करणार, मग चपला घालणार. मालगाडीवर गार्ड होते ना. जन्म शेवटच्या डब्यात गेला. म्हणत, "पळतं इंजिन, पण नजर मागच्याने ठेवायची असते."

इंदूरला स्नेहलतागंजमध्ये त्यांच्या घरी मी स्वयंपाकाला होते. काकू आधीच वारल्या होत्या आणि मुलगी नागपूरला. नोकरीत असेपर्यंत काकांचं खाणं साधं होतं. डब्यात ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, कांदा. गाडी कुठे थांबली की खाली उतरून तिच्या बाजूने टोकापर्यंत चालत जायचं, डबे बघत परत यायचं. त्यामुळे अंग काठीसारखं होतं.

रिटायर झाले आणि म्हणाले, आता गाडी यार्डात लागली, आता आराम. सकाळी पोहे-जिलेबी, दुपारी कचोरी, रात्री मित्रांबरोबर सराफ्याच्या खाऊबाजारात. तळलेले गराडू, मालपुवा, रबडी, काही सोडलं नाही. घरी वरणावरसुद्धा मूठभर शेव हवी. मी देत गेले. मला कोणाला नाही म्हणता येत नाही. लहानपणापासून तसंच. समोरच्याने काही मागितलं की माझी मान आपोआप हलते.

वर्षभरात साखर वाढली. त्यात नवा बूट लागून डाव्या पायाच्या अंगठ्याला फोड आला, तो फुटला आणि भरेचना. डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभर बघू, साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल. त्या दिवशी काका घरी येऊन खूप वेळ पायाकडे बघत बसले. गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालणारा माणूस.

मग मला हाक मारली. "बाई, क्या है ना, माझं तोंड माझं ऐकत नाही. तुम्ही मला अडवायचं." मी खाली बघत उभी राहिले. त्यांना माझा स्वभाव माहीत होता. उठले, लंगडत पलंगाखालची ड्यूटीची पेटी ओढली आणि दोन झेंड्या काढल्या. एक लाल, एक हिरवी. "तोंडाने नाही म्हणता येत नसेल, हात तर वर करता येतो?"

दुसऱ्याच दिवशी चहाबरोबर जिलेबी मागितली. मी स्वयंपाकघराच्या पडद्याआड उभी होते. शेवटी पडद्यातून फक्त हात बाहेर काढला, हातात लाल झेंडी. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बघते तर काका उठून ताठ उभे होते. म्हणाले, "लाल. ठीक आहे," आणि बिनसाखरेचा चहा प्यायले.

तेव्हापासून घरात असंच चाललं. भाकरी-मेथीला हिरवी, शेवेच्या डब्याला लाल. गल्लीत बातमी पसरली. पानवाला विचारायचा, "गार्डसाहब, आज सिग्नल कौन सा है?" काका कधी चिडायचे, कधी "प्रसाद आहे" असं म्हणून बघायचे. पण झेंडी दिसली की वाद घालत नसत.

खरी परीक्षा जवळच्या हातोद गावी झाली. त्यांच्या मालगाडीचे जुने ड्रायव्हर तिथे राहतात, त्यांच्या नातवाचं जावळ होतं. पायाला पट्टी, म्हणून काकांनी मला सोबत नेलं. माझ्या पिशवीत झेंडी होती, पण ती काढावी लागेल असं वाटलं नव्हतं. दाल आणि तुपात बुडवलेले कणकेचे बाफले, अशी पंगत बसली. मी समोर बायकांच्या ओळीत, पदर पुढे ओढून. बाफल्यांचं तूप ताटातून वाहत होतं. काकांनी एकच बाफला घेतला, तोही कोरडा. तेवढ्यात ड्रायव्हरसाहेब स्वतः लाडवांची परात घेऊन आले.

"अरे भिया, एक लड्डू से क्या होता है? तीस साल तेरी झंडी पे गाडी चलाई, आज तू मेरी बात रख." सगळे हसले. काका आधी नको म्हणाले, मग हसले, मग ताटावर आडवा धरलेला त्यांचा हात हळूहळू बाजूला व्हायला लागला. माझ्या डोळ्यांसमोर त्यांच्या पायाचा तो अंगठा आला.

मी उठून उभी राहिले. एवढ्या माणसांत मी कधी उभी राहिले नव्हते. पदर सरकला. पिशवीतून झेंडी काढून वर धरली.

काका थांबले हे नवल नाही. ड्रायव्हरसाहेबही थांबले. लाडू हातात तसाच, हात हवेत तसाच. इतक्या वर्षांची सवय. सगळी पंगत आमच्याकडे बघत होती. मग ड्रायव्हरसाहेबांनी लाडू परातीत परत ठेवला आणि हळू विचारलं, "लाइन क्लियर नहीं है क्या?" काकांनी मांडी सोडून पट्टीचा पाय पुढे केला. पुढे कोणी आग्रह केला नाही.

जखम भरली. अंगठा राहिला. काका रोज गल्लीच्या टोकापर्यंत चालायला लागले, उघडी राहिलेली फाटकं लावत यायचे आणि म्हणायचे, "सगळे डबे ठीक आहेत."

मग मुलीने त्यांना नागपूरला बोलावलं. निघायच्या दिवशी स्टेशनपर्यंत चालतच गेले, रिक्षा नको म्हणाले. सामान लागलं, पेटी सीटखाली गेली. शेजारच्या ठेल्यावर कचोऱ्या तळत होत्या. काका म्हणाले, "बाई, आज तर इंदूर सुटतंय. एक तर चालेल?"

माझा हात पिशवीत गेला. झेंडी नव्हती, ती पेटीत होती. काका माझ्याकडे बघत होते.

"नाही, काका," मी म्हणाले.

आवाज माझाच होता, चांगला मोठा. ठेलेवाल्यानेही वळून बघितलं. काकांनी ठेल्याकडे पाठ फिरवली. मग म्हणाले, "झेंड्या तुमच्याजवळ ठेवाव्या का, असा सकाळपासून विचार करत होतो. आता मीच घेऊन जातो."

गाडी हलली. दारात ते ताठ उभे होते, दोन्ही पायांवर. नेहमी सगळ्यांच्या शेवटी निघणारे काका त्या दिवशी माझ्या आधी निघाले. मी मागे राहून शेवटचा डबा जाईपर्यंत बघत उभी राहिले.