तीन कुलपं आणि एक उघडं बटन

नेटच्या धंद्यात माणूस पैसा किती जमवतो ते सोडा, किस्से मात्र पोत्यानं जमतात! वायरी निदान गुंडाळून माळ्यावर टाकता येतात. किस्से डोक्यातच राहतात, आणि चहा समोर आला की बाहेर येतात.

केडगावला माझं छोटं ऑफिस आहे. आसपासच्या बऱ्याच गावांना मी नेट देतो, पण मित्र जमले की विषय निघतो एकाच गावाचा. नाव सांगत नाही. सांगितलं तर अण्णा मला त्यांच्याच बंधाऱ्यात बुडवतील.

हे गाव डोंगराच्या कुशीत. मोबाईलला रेंज म्हणाल तर शून्य! एक फोन करायला लोक टेकडी चढायचे. शेवटी ग्रामसभेनं ठरवलं, गावाचं स्वतःचं नेट आणायचं. मी पाण्याच्या टाकीवर डिश बसवली, घरोघरी वायफाय पोचवलं आणि गावानं नेट कमिटी नेमली. कमिटीत माणसं दोन. एक अण्णा, रिटायर्ड फौजी. हिवरे बाजार बघून आले आणि आपल्या गावातही बंधारे घालूनच थांबले. दुसऱ्या शकुआक्का, दूध संकलन केंद्र चालवतात. दोघांचं एकमत फक्त एका गोष्टीवर: केबलवाला, म्हणजे मी, आळशी आहे!

*

पहिल्याच मीटिंगला अण्णांनी विचारलं, "ह्या इंटरनेटचा मालक कोन? त्याचा नंबर दे."

म्हटलं, "अण्णा, मालक असा कुणी नाही."

"मालक न्हाई? मग चालतंय कसं?"

शकुआक्का दुधाचं माप धूत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "आपल्या वढ्याला कोन मालक हाय? वाहतोयच न्हवं?"

अण्णा म्हणाले, "वाहत हुता! डोंगरातनं यायचा आन थेट खालच्या गावाला जायाचा. मी बंधारा घातला तवा तुमच्या हिरीला पानी आलं."

आक्का म्हणाल्या, "व्हय. पन बंधाऱ्याला सांडवा ठिवलाय का न्हाई? न्हाईतर बंधारा बी गेला असता आन तुमी बी!"

नेट अडवायचं की वाहू द्यायचं, हे मोठमोठे लोक एसी हॉलमध्ये बसून जे भांडण भांडतात, ते या दोघांनी दुधाच्या कॅनजवळ उभं राहून पाच मिनिटांत मांडलं. मी चाट पडलो राव!

*

मग प्रश्न आला पेटीचा. राउटर, बॅटरी, सगळी मशिनरी ज्या लोखंडी पेटीत बसते, तिची चावी कुणाकडं?

"माझ्याकडं," अण्णा म्हणाले.

"ज्याच्या हाती ससा तो पारधी! तसलं चालायचं न्हाई," आक्का म्हणाल्या.

तीन तास वाद झाला. शेवटी पेटीला तीन कुलपं लावायची ठरली. एक चावी अण्णांकडं, एक आक्कांकडं, एक ग्रामसेवकांकडं. तिघं एकत्र आल्याशिवाय पेटी उघडायची नाही. ठराव पास, टाळ्या!

पंधरा दिवसांनी नेट अडकलं. नुसतं बंद करून चालू करायचं होतं, पण अण्णा लग्नाला श्रीरामपूरला, चावी खिशात. ग्रामसेवक पंचायत समितीत, चावी टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. मी भर उन्हात कटर घेऊन गाडी मारत पोचलो, तर नेट सुरू!

"आक्का, पेटी कुणी उघडली?"

"कुनीच न्हाई." त्यांनी बोट दाखवलं. पेटीला करंट देणारं बटन ग्रामपंचायतीच्या बाहेरच्या भिंतीवर होतं. आक्कांनी ते दाबलं, दहा आकडे मोजले, परत दाबलं. झालं काम!

तीन कुलपं पेटीला, आणि बटन उघड्यावर! बसवलं कुणी? मीच. त्या दिवशी मी आळशी आहे यावर गावाचंही एकमत झालं.

*

अण्णा पक्के शिस्तीचे. एकदा फोन आला, "पोरं दिसभर व्हिडिओ बघत्यात. गावातले समदे व्हिडिओ बंद कर."

मी म्हटलं, सगळे नका करू. तर म्हणे, "ऑर्डर हाय!"

केले बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच परत फोन. "चालू कर. आत्ताच्या आत्ता!"

काय झालं, तर काकू, म्हणजे अण्णांच्या मंडळी, रोज पहाटे मोबाईलवर देवळातली काकडआरती बघतात. ती दिसेना. काकूंनी चूलच पेटवली नाही. "ज्यानं माजा देव बंद केला, त्याचा च्या बंद!"

फौजेत एवढी वर्षं काढलेला माणूस एका कप चहासाठी शरण आला. मी ऑफिसातून व्हिडिओ चालू केले तेव्हा फोनवर मागून काकूंचा आवाज ऐकू आला, "आता टाकते आधण!"

*

पण अण्णा हटणारे नव्हते. ग्रामसभेत त्यांनी नवा ठराव आणला. रोज संध्याकाळी सात ते नऊ गावाचं नेट बंद, पोरांनी अभ्यास करायचा. यावेळी आक्कांनीही हात वर केला, कारण त्यांचीही नातवंडं मोबाईलमध्ये तोंड घालून बसायची. ठराव एकमतानं पास. स्पीकरवरून तीनदा पुकारला. रोज सातच्या ठोक्याला अण्णा स्वतः जाऊन भिंतीवरचं बटन बंद करायचे आणि नऊला चालू करायचे. एक मिनिट इकडंतिकडं नाही!

आठवड्यानं माझ्या ऑफिसात नामदेवमामा आले. गावचे शिंपी. मामांना जन्मापासून ऐकू येत नाही, बोलता येत नाही. थोडं लिहितात. त्यांनी फोन टेबलावर ठेवला, माझी वही ओढली आणि लिहिलं, 'सातला पोरगी दिसत नाही. नगरला दोनदा रिपेर केला. नीट कर.'

मामांची लेक लता. तीही मामांसारखीच. बेलापूरला दिलीय, दिवसभर बेकरीत कामाला असते. सातला घरी येते आणि बापलेक व्हिडिओ कॉलवर हातांनी बोलतात. रोज, न चुकता.

मी लिहिलं, 'मामा, फोन चांगला आहे. सात ते नऊ गावाचं नेट बंद असतं. नऊनंतर बोला.'

मामांनी वाचलं आणि खाली लिहिलं, 'तिचं घर एका खोलीचं. नऊला सासूसासरे दिवा मालवतात. अंधारात हात कसे दिसतील?'

अरे देवा! ठराव पुकारला होता स्पीकरवर. सगळ्या गावाला कळलं असं धरून आम्ही मोकळे झालो होतो, आणि एक माणूस आठवडाभर चांगला फोन रिपेर करत फिरत होता. मला स्वतःची लाज वाटली.

*

मी आक्कांना सांगितलं. आक्कांनी कपाळावर हात मारला आणि ग्रामसभा बोलवायला लावली. संध्याकाळी साडेसहाला ग्रामपंचायतीसमोरच्या मारुतीच्या पारावर झाडून सगळं गाव जमलं. मामा पुढंच बसले होते, फोन मांडीवर.

अण्णांना वाईट वाटलं होतं, पण माणूस नियमाचा. "एकाला सूट दिली तर उद्या शंभर येत्याल. मग ठराव कशाला करायचा?" बोलता बोलता सात वाजले. अण्णा उठले, बटन बंद करून आले, परत बसले.

आक्का उठल्या, गेल्या आणि बटन चालू केलं.

"शकू!" अण्णा ओरडले.

तेवढ्यात मामांचा फोन उजळला. स्क्रीनवर लता. बेकरीचा एप्रनही काढलेला नव्हता. आठ दिवसांनी बाप दिसला, तशी ती रडायलाच लागली. मामांचे हात भराभरा चालत होते. काय बोलले ते त्या दोघांनाच ठाऊक. मग मामांनी फोन गावाकडं फिरवला.

आक्का म्हणाल्या, "नेट चालू ऱ्हाईल. ज्याच्या घरात अभ्यास, त्यानं आपल्या घरात बंद करावं. कोन कोन बाजूनं हाय?"

हात वर झाले. अण्णा काठीनं एकेक हात मोजायला लागले. मोजता मोजता मामांच्या फोनशी आले आणि थांबले. गावाचे हात बघून लतानंही बेलापुरातून हात वर केला होता.

अण्णा म्हणाले, "भायेरगावचं मत धरता येत न्हाई." अण्णांनी फोनकडं बघितलं, घसा साफ केला. "पन ही गावची लेक हाय. धरा."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लपवत नाही.

*

दुसऱ्या दिवशी अण्णांचा फोन. "ते भिंतीवरचं बटन काढ. मामाच्या दुकानात, मशिनीशेजारी बसव."

"अण्णा, अख्ख्या गावाचं नेट एका माणसाच्या हातात? तीन कुलपांचं काय?"

"बसव म्हनलो ना!"

बसवलं. काम संपेपर्यंत सात वाजत आले. अण्णा बाहेर बाकड्यावर येऊन बसले. सातला लता आली. बापलेक हसत होते, हात हलत होते. साडेसातला तिनं हात हलवून निरोप घेतला, मामांनी फोन खिशात ठेवला.

आणि हात लांब करून बटन बंद केलं.

मी दचकलो. खुणेनं विचारलं, का? मामांनी दोन्ही तळवे जोडून पुस्तकासारखे उघडले आणि गल्लीतल्या घरांकडं बोट दाखवलं. मग घड्याळात नऊचा आकडा दाखवला आणि शिलाईला बसले.

मी बाहेर आलो. म्हटलं, "अण्णा, हे तुम्ही सांगितलंत मामांना?"

अण्णांनी मान हलवली. नाही. मग दुकानाकडं बघत, ग्रामसभेत करतात तसा हात वर केला.