‘गेला’ म्हणजे आऊट

माझा मुलगा केदार टेनिस खेळतो असं सांगितलं, की लोक मान डोलावतात आणि विचारतात, "ते ठीक, पण करतो काय?"

टेनिसच्या स्पर्धा दोन तऱ्हेच्या असतात. टीव्हीवर दिसतात त्या, आणि केदार खेळतो त्या. दुसऱ्या तऱ्हेच्याही खऱ्याच असतात. उंच खुर्चीवर पंच असतो, रेषांवर माणसं उभी असतात, परदेशातले खेळाडूही येतात. फक्त इथे खेळाडू आपले मोजे हॉटेलच्या बेसिनमध्ये स्वतः धुतो, आणि प्रेक्षकांत बहुतेक कुणाचे ना कुणाचे आईवडील असतात. वर्षभर गावोगाव फिरायचं, सामने जिंकून क्रमवारीत वर सरकायचं, पुरेसं सरकलं की टीव्हीवाल्यांच्या पंगतीत पान. त्या सीझनमध्ये केदार जिथे गेला तिथे पात्रता फेरीतच हरला. हरला की फोन करायचा, "बाबा, आज बॅकहँड मस्त लागत होता." (हरल्यावर बॅकहँड नेहमी मस्तच लागलेला असतो.)

माझे मेहुणे वसंतदादा यांचा बडोद्याजवळ नंदेसरीत रंगाचा छोटा कारखाना आहे. त्यांनी भाच्यासाठी तिथे एक खुर्ची राखून ठेवली होती. दिवाळीला जेवता जेवता ते केदारला म्हणाले, "मुख्य फेरीत एक सामना जिंकून दाखव, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही जमलं, तर नव्या वर्षापासून माझं स्टोअर सांभाळायचं."

"मंजूर," केदार म्हणाला आणि हात धुऊन पळायला गेला. जेवल्यावर लगेच. जिद्द आमच्या घरात प्रत्येकाकडे आहे. वेळ चुकते एवढंच.

सीझनमधली शेवटची स्पर्धा नेमकी बडोद्यात आली. गावचा मुलगा म्हणून केदारला थेट मुख्य फेरीत घेतलं. समोर कुणी बेल्जियमचा खेळाडू होता, विजेच्या खांबासारखा. हरला तर नंदेसरी.

सामन्याच्या सकाळी माझ्या बायकोने, वैशालीने, मला स्वयंपाकघरात बोलावलं. "तिथे तोंड उघडायचं नाही."

"मी कशाला उघडू?"

"तुम्ही नाटकातसुद्धा पात्रांना सल्ले देता." असं म्हणून तिने आवळा सुपारीची डबी माझ्या खिशात सरकवली. "बोलावंसं वाटलं की हिच्यातली एक टाका."

तिची काळजी अगदीच निराधार नव्हती. केदार लहान असताना प्रतापनगरच्या रेल्वे कॉलनीत एक जुनं कोर्ट होतं. वर्कशॉपमधून सुटलो की मी तिथे रेषेवर उभा राहायचो. चेंडू बाहेर पडला की ओरडायचो, "गेलाऽ!" आऊट वगैरे इंग्रजी कारभार आमच्याकडे नव्हता. मी ‘गेला’ म्हटलं की केदार हातातला फटका अर्धा सोडायचा. तशी शिस्तच लावली होती मी त्याला, आणि तिचा मला अभिमानही होता.

स्टेडियमवर आमचे शेजारी बिपिनभाई अर्धी सोसायटी घेऊन हजर होते. थेपले, छुंदा, थंड पाण्याची कॅन, सगळा सरंजाम. बिपिनभाईंनी आजवर फक्त क्रिकेट पाहिलं होतं. केदारने पहिली सर्व्हिस करायला चेंडू वर फेकला आणि सोसायटीने टाळ्या सुरू केल्या. पंचाने माइकवरून शांत राहायची विनंती केली. "आभार माने छे," बिपिनभाई मला म्हणाले आणि पंचाला हात हलवून आणखी टाळ्या वाजवल्या.

पण केदार सुरेख खेळत होता. पहिला सेट हरला, दुसरा ओढून आणला. तिसऱ्यात चार-चार अशी बरोबरी असताना त्याला बेल्जियमवाल्याची सर्व्हिस मोडायची संधी मिळाली. हा एक गुण घेतला की सामना जवळजवळ खिशात. माझी आवळा सुपारी तोवर संपली होती.

चेंडू इकडून तिकडे, तिकडून इकडे. बेल्जियमवाल्याने एक उंच, खोल फटका मारला. चेंडू केदारच्या मागच्या रेषेकडे चालला. मी जिथे बसलो होतो तिथून तो स्वच्छ बाहेर पडलेला दिसला, आणि माझ्या तोंडून, प्रतापनगरच्या सगळ्या संध्याकाळींच्या ताकदीने, निघालं, "गेलाऽ!"

त्या स्टेडियममध्ये या शब्दाचा टेनिसमधला अर्थ जाणणारा एकच खेळाडू होता. तो थांबला. हातातला फटका त्याने अर्धा सोडला.

चेंडू रेषेवर पडला होता.

गुण बेल्जियमवाल्याचा. केदार पंचाकडे गेला आणि इंग्रजीत म्हणाला, "मला आवाज आला."

"कुणाचा?"

केदारने प्रेक्षकांत बोट दाखवलं. "माझे वडील."

"काय म्हणाले?"

केदारने क्षणभर विचार केला आणि शब्दशः भाषांतर केलं, "तो गेला, म्हणाले."

पंचाने टोपी जरा वर सरकवून माझ्याकडे फार सहानुभूतीने पाहिलं. गुण काही दिला नाही.

इकडे मी दोन्ही हातांनी डोकं धरून बसलो होतो. वैशालीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता वसंतदादा..." एवढंच ती म्हणाली, आणि तिला पुढे बोलवेना. तिला म्हणायचं होतं, की आता वसंतदादा पोराला स्टोअरमध्ये बसवणार.

बिपिनभाईंनी मात्र जोडायचं ते जोडलं. बाप ‘गेला’ म्हणून ओरडतो, आई भावाचं नाव घेऊन रडते. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "बहु खोटुं थयुं, फार वाईट झालं. माणूस दिलाचा सारो होता." मला वाटलं, केदारबद्दल बोलताहेत. मी म्हटलं, "अजून संपलेलं नाही, बिपिनभाई." त्यांनी वर आकाशाकडे बोट केलं. "आत्मा अमर छे," ते म्हणाले.

पाच मिनिटांत सोसायटीच्या ग्रुपवर वसंतदादांचा फोटो आणि खाली ‘ॐ शांती’ आलं. (फोटो आमच्याच वास्तुशांतीतला, हातात श्रीखंडाची वाटी.) मागच्या ओळीतल्या बायका पुढे येऊन वैशालीच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. ती बिचारी म्हणत होती, "एका पॉइंटने काय होतं, अजून आशा आहे," आणि त्या आणखी जोरात हात फिरवत होत्या. सामना थांबला. गळ्यात ओळखपत्र घातलेला एक गृहस्थ येऊन मला नम्रपणे म्हणाला, "साहेब, आपण बाहेर थांबलात तर बरं."

मी उठलो. माझ्यासाठी सबंध सोसायटी उभी राहिली. एवढा मान मला वर्कशॉपमधून निवृत्त होतानाही मिळाला नव्हता.

पार्किंगमध्ये स्कूटरला टेकून उभा होतो. धीर द्यायला बिपिनभाई मागोमाग आले होते. तेवढ्यात फाटकातून वसंतदादांची गाडी आत आली. दादा उतरले आणि फोन कानाला लावून कुणाला तरी सांगत होते, "अरे, मीच बोलतोय. नाही, कारखाना उद्या चालूच राहील."

बिपिनभाई माझ्या मागे सरकले.

"भाऊजी," दादा मला म्हणाले, "नंदेसरीहून इथे येईपर्यंत रस्त्यात चार जणांनी फोन करून मला माझी अंत्ययात्रा किती वाजता आहे ते विचारलं. तुम्हाला काही माहिती?"

मी सगळं सांगितलं. दादांनी फोन बंद करून खिशात टाकला. मग म्हणाले, "म्हणजे पोरगं वर्षभर घाम गाळतंय, आणि त्याला हरवलं तुम्ही?"

"अजून हरला नाही," मी म्हणालो. "आणि त्याला लवकर तुमच्याकडे धाडायचा माझा काही बेत नव्हता."

आम्ही तिघे भिंतीला कान लावून उभे राहिलो. आतून ठक, ठक, ठक, आणि मग गलका. कुणाच्या बाजूचा, ते कळेना. बऱ्याच वेळाने मोठा ओरडा झाला आणि वैशाली धावत बाहेर आली. तिचा पदर सुटला होता, चपला हातात होत्या. "टायब्रेकमध्ये जिंकला," ती म्हणाली, आणि समोर दादा दिसताच म्हणाली, "दादा, तू इथे काय करतोयस? तुझ्यासाठी आत सगळ्यांनी दोन मिनिटं मौन पाळलं."

केदार घामाने निथळत बाहेर आला तेव्हा दादांनी त्याला पोटाशी धरलं. "तुझी खुर्ची मी दुसऱ्याला देतो," ते म्हणाले. मी पोराची माफी मागायला तोंड उघडलं, तर तो म्हणाला, "बाबा, तुम्ही बाहेर गेल्यावर एकदम शांत वाटलं." हे त्याने प्रेमाने म्हटलं असावं.

दुसऱ्या फेरीचा सामना पहिल्या मानांकिताशी होता. मी आपण होऊनच पार्किंगमध्ये थांबायचं ठरवलं. बापाने साथ सोडता कामा नये, म्हणून आत टाळ्या झाल्या की बाहेर मीही टाळ्या वाजवत होतो, अगदी हात लाल होईपर्यंत. टाळ्याही कमी नव्हत्या. मनात म्हटलं, पोरगं आज चालतंय.

तासाभरात केदार बॅग घेऊन बाहेर आला. सरळ दोन सेटमध्ये हरला होता.

"अरे, पण एवढ्या टाळ्या?" मी विचारलं.

"त्या त्याच्यासाठी होत्या," केदार म्हणाला. "आणि बाबा, तुमच्या आतपर्यंत ऐकू येत होत्या."