सईची शिट्टी

आधी चहा घ्या, मग सांगतो. कारण ऐकल्यावर तुम्ही हसणार, आणि हसताना चहा सांडला तर दोष माझ्यावरच यायचा. तशीही माझी अब्रू आता फारशी उरलेली नाही. उज्जैनभर, फ्रीगंजपासून नानाखेड्यापर्यंत वाटून झाली आहे!

तर माझी नात सई. वय साडेतीन. पूर्ण नाव सई सतीश सबनीस. नाव मीच ठेवलं, हेही आत्ताच कबूल करून टाकतो.

आमचं घराणं पिढ्यान् पिढ्या उज्जैनचं. एवढ्या वर्षांत घरात मराठी किती टिकली म्हणाल, तर मी धरून ठेवली तेवढी! आमची ही देवासची. मराठी बोलते, पण कशी? "अहो, नळ बंद करून द्या, पाणी वाहून राहिलंय." मुलगा सतीश नोकरीला भोपाळला, शनिवार-रविवारी येतो. सून निधी इथलीच, हिंदी बोलणारी, शाळेत शिकवते. गुणी पोर. पण नातीच्या कानांवर दिवसभर हिंदीच पडणार म्हटल्यावर मला राहवेना. बँकेतून रिटायर झालो त्याच आठवड्यात मी घरात फर्मान काढलं. सईशी मराठी बोलीन तर मीच. बाकीच्यांनी खुशाल हिंदी बोला, पण माझ्या मराठीत भेसळ नको!

"म्हणजे मी माझ्या नातीशी मराठी बोलायचं नाही?" हिने विचारलं.

"तुझी ती मराठी आहे?"

दोन दिवस भाजीत मीठ नव्हतं. पण मी हटलो नाही.

आणि पोरगी काय झकास बोलायला लागली! 'ळ' तर असा, की पुणेकरांनी कान देऊन ऐकावा. बाळ, केळं, कावळा! मी तिला कडेवर घेऊन टावर चौकात फिरायचो आणि ओळखीचा मराठी माणूस दिसला की म्हणायचो, "सई, कावळा म्हण." लोक बिचारे घाईत असायचे. पण कावळा ऐकवल्याशिवाय मी कुणालाही सोडला नाही.

एके दिवशी गेटपाशी शेजारचे शर्माजी उभे होते. मी मोठ्या ऐटीत सईला विचारलं, "बाळा, नाव काय तुझं?"

"सई सतीश सबनीस."

शर्माजींनी भुवया उंचावल्या. "भाईसाब, बुरा मत मानना. बिटिया का 'स' सीटी मारता है."

"सीटी? छे हो!"

पुन्हा म्हणायला लावलं. आणि काय सांगू, खरंच की! नाव एक आणि शिट्ट्या चार. तेवढ्यात डाळ शिजली असती!

आता 'ळ'च्या नादात माझं इतके दिवस 'स'कडे लक्षच गेलं नव्हतं. शर्माजी गंभीर होऊन म्हणाले, "जीभ के नीचे की नस छोटी होगी. हमारे साले के लड़के की थी. कुछ नहीं, छोटा-सा कट लगता है."

कट! एवढ्याशा जिभेला? घरात येऊन टॉर्च लावून तिची जीभ पाहिली. तिला गंमत वाटली, तिने माझ्या चष्म्यावर थुंकी उडवली. मला जेवण जाईना. शाळेत पोरं हसतील, चिडवतील, हळूहळू ही बोलायचीच बंद होईल. कुठल्या कुठे पोचलो मी!

भीती वाटली की माणूस आधी दुसऱ्याचं चुकलंय का ते बघतो. मी निधीला हाक मारली. "तुमच्या घाईघाईच्या हिंदीनेच हिच्या जिभेचं वळण बिघडलंय."

"बाबा, वो..." निधी अडखळली आणि सासूकडे पाहू लागली. ही तोंडाला पदर लावून लगबगीने आत गेली. खांदे हलत होते. मला वाटलं, रडतेय बिचारी!

निधीनेच नानाखेड्याच्या एका स्पीच थेरपिस्टची वेळ घेतली. आम्ही तिघं मोठी आणि सई, ऑटोत कोंबून निघालो. वाटेत मी महाकालाला हात जोडले. म्हटलं, देवा, माझी जीभ घे, पण तिच्या जिभेला हात लावू नकोस.

थेरपिस्ट म्हणजे तरुण मुलगी. तिने आधी सईची जीभ तपासली, मग चित्रं काढली. "सई, ये क्या है?"

"साँप."

"और ये?"

"साइकिल. ये सूरज. ये समोसा!"

एकदम स्वच्छ! शिट्टीचा मागमूस नाही. मी खुर्चीतून उठलोच. "मॅडम, घर पर ऐसा नहीं बोलती! मराठी में पूछिए."

"तो सर, आप ही पूछिए."

मी तीच चित्रं धरली. "सई, हे काय?"

"साप." शिट्टी!

"आणि हे?"

"सायकल." शिट्टी! तीच सायकल, तीच पोरगी, तीच जीभ. हिंदीत सुरळीत, मराठीत पंक्चर!

मॅडम सईकडे बघतच नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "सर, ज़रा आप बोलिए. कुछ भी, जिसमें 'स' हो."

मी छाती काढून म्हणालो, "सात सशांनी सकाळी साखर सांडली."

दार उघडून बाहेरचा शिपाई आत डोकावला. "मॅडम, मुझे बुलाया?"

मॅडमनी मोबाइलवर माझं बोलणं रेकॉर्ड केलं होतं, ते लावलं. अहो, सात ससे कसले, रेफरीच सुटला होता मैदानात! स्वतःचं घोरणं कुणाला ऐकू येतं का? तसंच हे.

"सर, डेंचर कब लगवाया?"

दोन वर्षांपूर्वी. म्हणजे सई बोलायला लागली तेव्हाच. वरची कवळी पुढे सैल झाली होती, पण चावता येत होतं म्हणून मी लक्ष दिलं नव्हतं.

"बच्ची एकदम ठीक है," मॅडम म्हणाल्या. "जीभ में कुछ नहीं है. बच्चे जिससे भाषा सीखते हैं, उसकी पूरी आवाज़ उठा लेते हैं. इसने मराठी सिर्फ़ आपसे सुनी है, तो इसके लिए मराठी का 'स' यही है. घर में सबको बोलने दीजिए, अपने आप छूट जाएगा."

कट नाही! माझे डोळे भरून आले. सईला उचलून मी तिथेच गरकन फिरलो. लाज नंतर वाटली, ऑटोत बसल्यावर.

"तुला ठाऊक होतं?" मी हिला विचारलं.

"दोन वर्षांपासून."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्हाला? मराठी शिकवणार मी?" आता पदर नव्हता, उघड उघड हसत होती.

निधी हळूच म्हणाली, "आई ने मना किया था, बाबा. बोलीं, बुरा मान जाएँगे."

"निधी, चुकलं माझं. उगाच तुझ्यावर घसरलो." हे मनापासून म्हणालो, शिट्टीसकट. "आजपासून तूही तिच्याशी मराठी बोल. मोडकी असली तरी चालेल."

"खरं?" निधी म्हणाली, आणि नानाखेड्यापासून घरापर्यंत थांबलीच नाही. लिंग-वचनाचा पार चिवडा, पण 'स' लखलखीत. सई आईच्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

आठवड्याने माझी नवी कवळी आली. घट्ट, एकदम फिट. आरशासमोर पंधरा मिनिटं सराव केला. सात ससे, सगळे चिडीचूप! मग सईला मांडीवर बसवलं आणि आयुष्यातल्या सर्वांत शुद्ध उच्चारात म्हणालो, "सई, सोन्या, सांग बघू, सकाळपासून काय काय केलंस?"

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. कपाळाला आठ्या घातल्या.

"आबा," ती म्हणाली, "तुम्ही आज हिंदी का बोलताय?"