देव्हाऱ्यातली मुळी

आमच्या प्रयोगशाळेत पाण्यावरसुद्धा संशय घेतात. दक्षिण मुंबईतल्या एका संग्रहालयात, पेंढा भरलेल्या वाघामागच्या दारातून आत गेलं की आम्ही बसतो. वन खात्याने पकडलेलं मांस, कातडं, हाडाचा तुकडा नक्की कुठल्या प्राण्याचा, हे डीएनएवरून सांगायचं. दर खेपेला एका नळीत नुसतं पाणी घालून तेही तपासतो. पाण्यात प्राणी निघाला तर आमचेच हात घाण, सगळं काम पहिल्यापासून. मला हे मानवतं, कारण मी जन्माची संशयी. भाजीवाल्याच्या काट्यापासून नवऱ्याच्या ‘निघालोच’पर्यंत मला काहीच खरं वाटत नाही.

एकदा पूजासाहित्याच्या दुकानातून जप्त केलेल्या डब्या आल्या. आत शेंदरात बुडवलेली, जोडलेल्या दोन हातांसारखी दिसणारी काळी, वाळकी वस्तू. तिला हाताजोडी म्हणतात. दुकानदाराचं म्हणणं एकच, ही जंगलातली मुळी आहे. तपासात निघाली घोरपड, आणि तीही नर घोरपडीचं वाळवलेलं गुप्तांग. सगळे पोट धरून हसले. माझं हसू मात्र अर्ध्यातच राहिलं, कारण तसलीच डबी लालबागला आमच्या देव्हाऱ्यात होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

सासूबाईंचं मोठं ऑपरेशन ठरलं तेव्हा सासऱ्यांनी ती कुठूनशी आणली होती. सासूबाई वाचल्या आणि पुढे सासरेच गेले. तेव्हापासून त्या आधी त्या डबीला हळदकुंकू वाहतात, मग देवांना.

घोरपडीचं काहीही घरात ठेवणं हा गुन्हा. मी साहेबांना आडून विचारलं, “समजा, ओळखीतून एखादं सॅम्पल आलं तर?”

“नोंद करायची. घोरपड निघाली तर खात्याला कळवायचं. कुणाचं आहे?”

“मैत्रिणीचं.”

त्यांना ते पटलं नाही, हे चेहऱ्यावर दिसलं. मला खरंच भीती वाटली. खात्याची माणसं दारात आली तर या वयात सासूबाई काय उत्तर देणार? आणि मी स्वतःच डबी फेकली, तर सासऱ्यांची त्यांच्याकडे उरलेली खूणच फेकल्यासारखं होतं.

सासूबाई हिंदमाताला साड्या बघायला गेल्या तशी मी डबी खिडकीशी नेली. कितीही निरखलं तरी काही कळेना. होती तशी परत ठेवली, निदान मला तसं वाटलं.

संध्याकाळी दिवा लावताना सासूबाईंचा आवाज आला. “ह्येका हात कोणी लावल्यान?”

चोराच्या मनात चांदणं. मी भाजी ढवळत राहिले. त्यानंतर जेवताना त्या माझ्यावर नजर ठेवायच्या आणि मी देव्हाऱ्यावर. शेवटी त्यांनीच विचारलं, “टाकूक बघतंस ना ती?”

मग मी सगळं सांगितलं. नेमका शब्द काही तोंडातून निघेना. “घोरपडीच्या नराचं... ते,” म्हटलं. त्यांनी पदर तोंडाला लावला.

“खरा काय ता बघ,” त्या म्हणाल्या. “पण माझ्यासमोर.”

प्रयोगशाळेचा रस्ता बंदच होता. मी गॅस पेटवून त्यावर सुई लाल केली. “केस जळल्यासारखा वास आला तर प्राणी. लाकडासारखा आला तर मुळी,” मी म्हटलं. त्यांनी हात जोडले. सुई टेकवली तशी ती लोण्यात जावी तशी आत गेली आणि धूर निघाला. वास दोन्हींतला नव्हता. सासूबाईंनीच आधी ओळखला.

“ह्यो तर बादलीचो वास!”

माझा जीव भांड्यात पडला. मी ओरडलेच, “प्लास्टिक आहे, आई! गुन्हा नाही, काही नाही! बाबांना विकणाऱ्याने चक्क फसव...”

त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. भिंतीवरच्या सासऱ्यांच्या फोटोकडे एकदा पाहिलं.

“हळू बोल गो,” त्या म्हणाल्या. “तेंका ऐकाक जायत.”

मग सुईने पडलेलं भोक त्यांनी बोटाने शेंदूर भरून बुजवलं आणि डबी देव्हाऱ्यात ठेवली.