पंचवीस फ्रेम आणि एक धवला

असले अनुभव वाचून मी आजवर हसतच आलोय, हे आधी कबूल करतो. लोकांना कोण कोण दिसतं, कोण हाका मारतं... मला तर बुवा पनवेलमध्ये उभ्या आयुष्यात कोणी अमानवीय भेटलं नाही. छळायला आली ती सगळी गिऱ्हाईकंच होती.

गोष्ट साधारण २०१० च्या मे महिन्यातली. एसटी स्टँडसमोरच्या गल्लीत, झेरॉक्सवाल्याला लागून माझं मोबाईलचं दुकान होतं. रिपेअरिंग, रिचार्ज, आणि सीडीवरचे पिक्चर मोबाईलमध्ये टाकून देणं. दुपारचे तीन वाजले असतील. जासईहून सुगंधाताई नावाच्या एक बाई आल्या, चाळिशीच्या. रुमालात गुंडाळलेली सीडी त्यांनी काउंटरवर ठेवली. त्यांच्याच लग्नाची होती. जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून कोणीतरी करून दिलेली.

"भाऊ, ही माजे फोनान टाका. पोरीची हलद हाय रविवारी."

मी सीडी लावली. हळदीचा मांडव, बायकांचा घोळका आणि मधोमध गाणारी एक किडकिडीत बाई. ती त्यांची आई. गावची धवलारीण — म्हणजे हळदीला, लग्नाला धवले म्हणणारी. ऐकू मात्र येत होतं हिंदी पिक्चरचं गाणं! तेव्हाचे व्हिडिओवाले खरा आवाज पुसून वर गाणी चिकटवायचे.

"आईचा आवाज नाही यात, ताई."

"ठावं हाय. आवाज नको मना, ओठ दिसू देत." त्या स्टूल ओढून बसल्या. "आयचा एक धवला मना अर्धाच येतो. मधली ओल इसरले. गावान आता कोनाला पुरता येत नाय. पोर हटून बसलीय, आजीचाच धवला पायजे. ओठ बघून वलखीन मी."

एवढं ऐकल्यावर माणूस कामाला लागतोच. पहिली फाईल केली तर व्हिडिओ धक्के खात चाललेला. आईचं तोंड उघडं, की एकदम मिटलेलं... मधलं गायब. सॉफ्टवेअर सेकंदाला पंचवीस फ्रेममधल्या पंधराच ठेवत होतं आणि दहा फेकून देत होतं. ओठ वाचायला नेमक्या त्याच दहा हव्या होत्या. पंचवीसच्या पंचवीस ठेवल्या तर फोनला झेपेना. चित्र अडकायचं आणि गाणं पुढे पळायचं. साइज लहान केली, बिटरेट उतरवला, मेमरी कार्ड बदललं. दीड तास गेला. ताई येतो तेवढा धवला पुटपुटायच्या आणि त्याच जागी येऊन थांबायच्या. मला स्वतःचाच राग यायला लागला होता.

चौथी फाईल. फोन काउंटरवर आम्हा दोघांच्या मध्ये. या वेळी चित्र छान चाललं. आईचा चेहरा आला आणि — अडकलं! मी शिवी गिळली. गाणंही थांबलं. आणि मग त्या थांबलेल्या चेहऱ्यावर, फोनच्या त्या एवढ्याशा स्पीकरमधून एक बाई गायला लागली. जाडसर, दमलेला आवाज. एकच ओळ. शब्द मला अर्धेमुर्धे कळले, पण त्यात एक नाव होतं. हर्षदा. मग चित्र सुटलं आणि पिक्चरचं गाणं पुन्हा सुरू झालं.

ताईंनी ती ओळ हळूच म्हटली. पुढची तिला आपोआप जोडली गेली. त्या पदराने डोळे पुसत होत्या.

मी फाईल मागे घेऊन पुन्हा लावली. कुठेही न अडकता चालली, गाणं सलग. कॉम्प्युटरवर तेच. मूळ सीडीचा डावा-उजवा चॅनल वेगळा करून ऐकला. दोन्हीकडे गाणंच.

"धवल्यात नवरीचं नाव घेतात ना?" मी विचारलं. "तुमचं माहेरचं नाव हर्षदा का?"

"तुमी पन आयकलं?" ताईंनी विचारलं.

"म्हणजे काय, ऐकलंच की!"

"माजा नाव सुगंधाच. हर्षदा माजी पोर. आय गेली तवा ती पोटान पन नव्हती."

भीती वाटली नाही, खरं सांगतो. डोकंच चालेना. ताईच गुणगुणल्या असतील का? मी फोनकडे बघत होतो, त्यांच्या तोंडाकडे नाही. पण त्यांना तर ती ओळच येत नव्हती! आणि स्पीकरवर मी बोट ठेवलं होतं, तो थरथरत होता.

रविवारी त्यांनी हट्टाने जासईला बोलावलं. ताईंनी अख्खा धवला म्हटला आणि हळदीने माखलेली हर्षदा आईकडे बघत रडत राहिली. धवला संपल्यावर एक म्हातारी उठली. ताईंच्या आईमागे सूर धरणारी तीच, असं नंतर कळलं.

"सुगंधे, ही ओल मी पन इसरलेली गो. बरोबर हाय. कोनी दिली तुना?"

ताईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. म्हातारी हळदीच्या हातांनी तशीच माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"तुना कोनी शिकवली रं?"

सगळा मांडव माझ्याकडे बघत होता. फ्रेम, बिटरेट, चॅनल... काय काय सांगणार होतो?

"तिनंच, आजी," मी म्हटलं. दुसरं उत्तर तेव्हा सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.